फुकटच्या सल्ल्याचे पैसे कोण देतं?

प्रश्न धायरीहून आला आहे. विचारणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या. चार वर्षांपासून घराच्या तळमजल्यावर थालीपीठ भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट आणि तीन-चार चटण्या करतात. हाताखाली दोन बायका आहेत, विक्री महिन्याला साधारण १ लाख ८० हजार. आता रोस्टर (भाजण्याचं), पल्व्हरायझर (दळण्याचं) आणि पाऊच पॅकिंगचं मशीन घ्यायचं म्हणतात, खर्च ६ लाखांच्या घरात. एका कन्सल्टंटने ‘३५ टक्के सबसिडी नक्की’ असं सांगून ४५ हजार फी आणि वर सबसिडीच्या १० टक्के मागितले आहेत. त्यातले ५ हजार टोकन म्हणून घेतलेसुद्धा. ताई विचारतात, पुण्यात लहान उद्योगाला जाणकार माणसांचं मार्गदर्शन फुकट किंवा थोडक्यात कुठे मिळतं, आणि फुकट सल्ल्यात काही दम असतो का? शेवटी एक ओळ दिरांची आहे: त्यांचं भोसरीत जॉबवर्कचं शेड आहे आणि काम देणाऱ्या कंपनीकडे पैसे अडकलेत.

ताई, दम असतो. मी ३१ वर्षं एका सरकारी बँकेत होतो, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट वाचले. गेली नऊ वर्षं या बाजूला बसून लहान उद्योजकांना विनामोबदला मदत करतो. दोन्हीकडे बसून एक गोष्ट कळली: तुम्ही पैसे देत नसाल तर सल्ला देणाऱ्याचे पैसे दुसरं कुणीतरी देत असतं. कोण देतं आणि नेमकं कशाबद्दल देतं, एवढं आधी शोधा. मग त्या माणसाकडून काय घ्यायचं आणि काय त्याला विचारायचंच नाही, हे आपोआप लक्षात येतं.

सुरुवात पैसे मागणाऱ्यापासूनच करू. तुम्ही पाठवलेल्या त्याच्या कागदावर ‘पीएमईजीपी, ग्रामीण, महिला, ३५ टक्के’ असं लिहिलं आहे. यात दोन ठिकाणी पाणी मुरतंय. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. तो नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगासाठी आहे, आणि तुमचा उद्योग चार वर्षं चालू आहे. दुसरं, धायरी २०१७ मध्येच महापालिकेत आली. शहरी भागातल्या महिलेला त्या योजनेत २५ टक्के मिळतात, ग्रामीण भागात ३५. हे दोन्ही ‘बघून घेऊ’ म्हणणारा माणूस तुमच्या सहीने खोटी माहिती भरणार आहे, आणि उद्या तपासणी झाली तर दारात तो नसेल, तुम्ही असाल.

तुमच्यासारख्या चालू घरगुती उद्योगाला बसते ती पीएमएफएमई, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना. २०२० मध्ये आली. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचे किमान १० टक्के घालायचे. महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. मुदत वाढवत वाढवत चाललेली योजना आहे, म्हणून ‘सध्या अर्ज घेताय का’ हा पहिला प्रश्न जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, नंतर बाकीचं.

आता आकडे मांडा. ६ लाखांवर ३५ टक्के म्हणजे २ लाख १० हजार. त्याचे १० टक्के २१ हजार, अधिक ४५ हजार, झाले ६६ हजार. तुम्ही स्वतःच्या उद्योगात घालणार आहात ६० हजार. मशीनपेक्षा कागदाला जास्त! आणि त्याचा टक्का सबसिडीवर आहे, म्हणून तो प्रकल्प फुगवणारच. ६ लाखांचे १२ केले की त्याच्या २१ हजारांचे ४२ हजार होतात आणि तुमचं कर्ज ५ लाख ४० हजारांवरून १० लाख ८० हजारांवर जातं. ११ टक्के व्याज आणि ५ वर्षं धरली, अनुदानाचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवला, तर हप्ता महिना ११,७०० ऐवजी २३,५०० च्या आसपास. १ लाख ८० हजारांच्या विक्रीतून डाळी, गॅस, दोन पगार आणि पाकिटं गेल्यावर हातात किती उरतं ते तुम्हालाच माहीत.

अनुदानाबद्दल आणखी एक, जे एजंट कधीच सांगत नाहीत: ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत. बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतात आणि ३ वर्षांनी, कर्जखातं नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तरच कर्जात वळते होतात. मधल्या काळात हप्ते थकून खातं एनपीए झालं, तर ज्या सबसिडीसाठी एवढा खटाटोप केला तीच हातची जाते.

याच योजनेत कागद करून देणारा माणूस सरकारने आधीच नेमलेला आहे. त्याला जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणतात, बोलताना सगळे डीआरपी म्हणतात. प्रकल्प अहवाल, ऑनलाइन अर्ज, बँकेत पाठपुरावा, अन्न परवाना, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), हे सगळं त्याने करून द्यायचं असतं. मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जामागे त्याला सरकारकडून २० हजार रुपये मिळतात. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर, निम्मे नोंदण्या, परवाना, प्रशिक्षण होऊन उद्योग मार्गी लागल्यावर. तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. ‘पेट्रोलचे तरी द्या’ म्हणाला तर चहा पाजा, पैसे देऊ नका.

‘पैसे कोण देतं आणि कशाबद्दल देतं’ ही वरची खूण इथेही लावा. त्याला पैसे कर्ज मंजूर झाल्याबद्दल मिळतात. म्हणून तो कागद चोख करील. पण ‘मी हे कर्ज घ्यावं का?’ हा प्रश्न त्याला विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारातलं जिल्हा उद्योग केंद्रही असंच. तिथल्या लोकांचा पगार राज्य सरकार देतं आणि त्यांच्या डोक्यावर योजनांची उद्दिष्टं असतात. मी बँकेत असताना जानेवारी ते मार्च हा काळ ओळखीचा होता: गठ्ठ्याने प्रकरणं यायची, उद्दिष्ट पुरं करायची घाई दोन्हीकडे. या तीन महिन्यांत सल्ला मागायला जाऊ नये, फाइल पुढे सरकवायला जावं. निवांत बोलायचं असेल तर पावसाळ्यात जा. योजना कोणती, पात्रता काय, नाकारलं तर का, हे तिथे नीट कळतं. धंदा कसा वाढवावा हे तिथे विचारून उपयोग नाही. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे, म्हणजे एमसीईडीचे, वर्ग चालतात. काही मोफत, काही माफक फीचे. पहिल्यांदाच हिशेब लिहायला शिकणाऱ्याला ते चांगले. तुम्ही चार वर्षं पुढे आहात.

तुमच्या मदतनीस बाईंची मुलगी वेल्ह्याकडच्या गावात बारावी होऊन बसली आहे असं लिहिलंत. तिच्यासाठी आरसेटी पाहा, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक महाराष्ट्र बँक, त्यामुळे इथली आरसेटी तीच चालवते. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत. आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करतात, ती खरी कमाई. इथे पैसे मोजणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा स्वार्थ बऱ्यापैकी एका रेषेत येतो, कारण बँकेला उद्या कर्ज फेडणारा माणूस हवा असतो.

अमेरिकेत १९६४ पासून स्कोअर नावाची संस्था आहे. निवृत्त अधिकारी आणि उद्योजक लहान धंदेवाल्यांना फुकट सल्ला देतात, देशभर एकच नाव, एकच दार. आपल्याकडे दारं दहा आणि पाट्या वीस, म्हणून माणूस दमतो आणि पाटी नसलेल्या एजंटाकडे जातो. पण पुण्यात तरी दारं उघडी आहेत.

मराठा चेंबर, म्हणजे एमसीसीआयए, १९३४ पासून आहे. टिळक रस्त्यावर आणि सेनापती बापट रस्त्यावर त्यांची कार्यालयं आहेत. त्यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि कार्यक्रमांतून निघतो, म्हणून भाषा साहजिकच कारखानदाराची. जीएसटी, निर्यात, कामगार कायदे यांवरच्या त्यांच्या कार्यशाळांना बाहेरच्या माणसालाही जाता येतं, फी परवडण्यासारखी असते, काही मोफतही असतात. मी तर म्हणेन व्याख्यानापेक्षा चहाच्या वेळेला शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोला. दलित उद्योजकांसाठी डिक्की ही संस्था मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यातच सुरू केली, आणि त्यांचं जाळं आता देशभर आहे. सॅटर्डे क्लबमध्ये मराठी उद्योजक एकमेकांना कामं देतात, पण ती ओळखींची जागा आहे. सल्ला मागायला गेलात तर कार्डांचा गठ्ठा घेऊन परत याल.

दे आसरा फाउंडेशन ही पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीच्या आनंद देशपांडे यांनी उभी केलेली ना-नफा संस्था. कोणता परवाना लागतो, खर्च कसा मांडायचा, कर्जाआधी काय तयार ठेवायचं, असं बरंच साहित्य मराठीत मोफत आहे, काही सेवा थोड्या पैशांत. हे तयार शिवलेल्या कपड्यासारखं आहे. माप बहुतेकांना बसतं, तुमची बाही आखूड झाली तर ती तुम्हीच उसवायची. पण एजंटाकडे जाण्याआधीचा एक रविवार तिथे घालवलात तर त्याच्या निम्म्या थापा जागच्या जागी कळतील.

भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून नेमकं ते काम करतो जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं: एका उद्योजकामागे एक मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक, तोही कामाच्या जागी जाऊन. तुमचं वय त्यांच्या चौकटीत बसत नाही, ते १८ ते ३५ च्या तरुणांसाठी आहे. पण तुम्ही मेंटॉर शोधाच, चेंबरमधून शोधा, नाहीतर ओळखीतून. पुण्यात एक सोय आहे जी दुसऱ्या शहरांत इतकी नाही: पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसं. कोथरूड, सहकारनगर, निगडीत प्रत्येक सोसायटीत दोन-चार तरी. कुणी तीस वर्षं खरेदी पाहिली आहे, कुणी पॅकेजिंग. सकाळी टेकडीवर जातात, दुपारी पेपर तिसऱ्यांदा वाचतात, आणि कुणी आपल्याला विचारावं याची मनातून वाट पाहतात.

सिंहगड रस्त्यावरच्या एका बाईंची चकलीची भाजणी दर पावसाळ्यात परत यायची. गुठळ्या, वास. त्यांनी ठरवलं होतं की पाकीट बदलायचं, नायट्रोजन भरणारं मशीन घ्यायचं. माझ्याबरोबर एक गृहस्थ आले, आयुष्य मसाल्याच्या कारखान्यात उत्पादन विभागात गेलेले. त्यांनी कागद मागितला नाही. ओट्यावरचं नुकतंच सील केलेलं पाकीट उचललं आणि गालाला लावलं. गरम होतं. दळून आलेलं पीठ गरम असतानाच भरत होत्या, मग आत वाफ धरून पाणी सुटत होतं. स्टीलचे पसरट ट्रे, जाळीचा रॅक आणि एक पंखा, एवढ्यात ते प्रकरण मिटलं. मी बँकवाला, माझ्या डोक्यात तोवर मशीनचा परतफेड काळ चालला होता.

मेंटॉरला पैसे कुणीच देत नाही, मग त्याची खूण कोणती? त्याचा पगार म्हणजे त्याचं ऐकलं जाणं. आणि तो तुमचा धंदा त्याच्या जुन्या खुर्चीतून बघतो. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बेकरीवाल्याला मी दुसरं दुकान काढायला लावलं. त्याचे आकडे सुंदर होते, हप्ता आरामात बसत होता. मला जे दिसलं नाही ते असं की पहिलं दुकान त्याच्या वडिलांच्या गल्ल्यावर बसण्यावर चालत होतं. गिऱ्हाईक पावाइतकंच त्यांच्या गप्पांसाठी यायचं. दुसऱ्या दुकानात नोकर बसला. चौदा महिन्यांत शटर खाली. कर्ज त्याने फेडलं, मला आजही दिवाळीला खारी पाठवतो, आणि ती घशाखाली उतरत नाही. म्हणून एकाच मेंटॉरवर थांबू नका. एक पैशाचा माणूस आणि एक मालाचा माणूस, निदान दोघं हवेत. दोघांचं पटलं नाही तर उत्तमच.

पैसे कुठे द्यावेत तेही सांगतो. जिथे कुणाची सही आणि जबाबदारी लागते तिथे द्या. सीएला द्या. लेबलवरचं पोषणमूल्य आणि टिकण्याचा काळ अंदाजाने लिहू नका, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, तिथेही द्या. नावाला ट्रेडमार्क करायचा तर व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, भाजणी वर्ग ३० मध्ये येते. याच्यावर वकील किती घेतो ते वेगळं लिहून मागा. उद्यम नोंदणी मात्र पूर्ण मोफत आहे. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच साइट दोन-तीन हजार उकळतात, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर बाहेर पडा. सिबिलसकट प्रत्येक पत मोजणाऱ्या कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, अर्जाआधी काढून ठेवा. झेड हे दर्जाचं सरकारी प्रमाणपत्र घ्या असंही कुणी सांगेल. महिलांच्या उद्योगांना त्याची फी पूर्ण माफ आहे हे खरं, पण तुमचं गिऱ्हाईक ते विचारत नाही. आज त्यात वेळ घालवू नका. अमेरिकेत भाजणी पाठवायचं गाजर कुणी दाखवलं आणि ‘लायसन्सचे वीस हजार’ म्हणाला, तर आयात-निर्यात कोडची सरकारी फी ५०० रुपये आहे हे लक्षात असू द्या.

आता दिरांच्या अडकलेल्या पैशांचं. त्यांची उद्यम नोंदणी आहे का? नसेल तर आजच करा, माल दिल्यानंतर केलेल्या नोंदणीवर वाद होतात. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर त्याहून आधी, १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते, ती अशा थकबाकीचा निवाडा करणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते, पुणे विभागाची परिषद आहे. पण तक्रार केली की त्या कंपनीचं पुढचं काम बहुधा बंद, हे भोसरीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी आधी दुसरं करायला सांगतो. आयकरात एक तरतूद आली आहे, १९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच). त्याने सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे मुदतीबाहेर थकले की खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. दिरांनी बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि फेब्रुवारीत कंपनीच्या अकाउंट्सला एक साधी, गोड भाषेतली मेल पाठवून बाकी आणि तो क्रमांक कळवावा. साहेबांना खडसावण्याचं काम त्यांचाच सीए करतो. हा उपाय मला एका भोसरीवाल्यानेच शिकवला.

तुम्ही यापैकी कुणाकडेही जाल तेव्हा कोऱ्या हाताने जाऊ नका. एक किलो थालीपीठ भाजणी तयार व्हायला किती रुपये पडतात, हे एका कागदावर मांडा. भाजताना आणि दळताना येणारी घट धरा, गॅस धरा, पाकीट आणि लेबल धरा, आणि तुमचा स्वतःचा पगार धरा. तो बहुतेक बायका धरत नाहीत, मग सगळं फायद्यात दिसतं. मागच्या बारा महिन्यांची विक्री महिन्यावार लिहा. कुणाकडे किती उधारी, तेही. माझा अंदाज, हा कागद तयार होताच तुम्हाला कळेल की तीन मशीनपैकी आधी एकच हवं आहे, आणि ते बहुधा रोस्टर असेल, कारण दोन बायकांचे हात तिथेच अडकलेत. पण हा अंदाज बँकवाल्याचा आहे.

कन्सल्टंटला लेखी कळवा की काम थांबवत आहात आणि त्याच्याकडून ५ हजारांची पावती मागा. पैसे परत येण्याची शक्यता कमीच, पण तुमचं आधार, पॅन आणि सह्या केलेले कोरे कागद त्याच्याकडे असतील तर ते आधी परत घ्या. मग पहिली फेरी कृषी कार्यालयाकडे. आणि मेंटॉरकडे जाताना त्या कागदाबरोबर भाजणीचं एक पाकीट घेऊन जा, महिन्याभरापूर्वी भरलेलं. आमच्या त्या मसालेवाल्या गृहस्थांना आधी वास घ्यायचा असतो, आकडे ते नंतर बघतात.